बिनतारी दुखणे आणि घरगुती वैद्य

डिस्क बदलली आणि लॅपटॉपचे वायफाय गेले! दुकानदार म्हणाला, “नवाच घ्या.” दुखणे नेमके कुठे होते आणि ते एका रात्रीत कसे सापडले, त्याची ही हकीकत, आणि वाचकांच्या घरी तशीच वेळ आली तर उपयोगी पडतील अशा चार गोष्टी.

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी चार दिवसांवर आली होती. स्वयंपाकघरातून चकलीच्या भाजणीचा खमंग वास येत होता. बाहेरच्या खोलीत मात्र सुतक पडल्यासारखी शांतता होती. आमची धाकटी कन्या टेबलापाशी कपाळाला हात लावून बसली होती आणि तिच्यासमोर उघडा लॅपटॉप होता.

कारणही तसेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तिची नोकरीसाठीची परीक्षा होती. हल्ली या परीक्षा घरी बसूनच द्यावयाच्या असतात. लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवावयाचा, दोन तास जागेवरून उठावयाचे नाही, आणि मध्ये दुसरे कोणी डोकावता कामा नये. मोबाइलवर ती परीक्षा देता येत नाही. आणि लॅपटॉप होता मुका! तो चालू होत होता. जगाशी बोलत मात्र नव्हता.

आठ दिवसांपूर्वी त्याची हार्ड डिस्क निकामी झाली होती. लॅपटॉप सहा वर्षांचा. नवा घेण्याइतके पैसे सणाच्या तोंडावर काढणे जड होते. म्हणून जुनी डिस्क काढून नव्या पद्धतीची एस.एस.डी. बसवून घ्यावी असे ठरले. काम काही हजारांत झाले. लॅपटॉप घरी आला, पंधरा सेकंदांत सुरू झाला आणि आम्ही सारे खूश झालो. पण कोपऱ्यात वायफायची जी पंख्यासारखी खूण दिसते ती जागेवर नव्हती. बटणे दाबून पाहिली, बंद करून चालू केला, पुन्हा बंद केला. व्यर्थ!

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “वायफायचे कार्ड उडालेले दिसते, काका. कदाचित मदरबोर्डही गेला असेल. यावर खर्च करण्यापेक्षा नवाच घेऊन टाका. दिवाळीची सूटही आहे.”

“अहो, आता काय करायचं?” सौभाग्यवतींनी झारा हातात घेऊनच विचारले.

शेवटचा हात कुणाचा?

माझी सारी नोकरी टेलिफोनच्या तारांत गेली. संगणकातले मला फारसे कळत नाही. पण दुरुस्तीच्या कामात आमचे जुने लाइनमन एक नियम पाळीत. तक्रार आली की प्रथम विचारावयाचे, “कालपर्यंत चालत होते ना? मग कालपासून आतापर्यंत याला शेवटचा हात कुणाचा लागला आणि कुठे लागला?” शंभरांतली बहुतेक दुखणी त्या शेवटच्या हातापाशीच सापडत.

डिस्क बिघडण्याच्या दिवसापर्यंत वायफाय उत्तम चालत होते. मधल्या काळात दोनच गोष्टी घडल्या होत्या. एक, लॅपटॉपचे पोट उघडले गेले. दुसरी, त्याची जुनी डिस्क गेली आणि कोरी डिस्क आली. तेव्हा दुखणे असलेच तर या दोहोंपैकी एकात असणार, निदान शोध तेथून सुरू करावा, असे मी म्हटले.

पण त्याआधी एक साधी खात्री करून घ्यावयाची होती. घरातले बाकीचे मोबाइल राउटरला जोडले जात होते का? होते. म्हणजे राउटर ठीक, बाहेरून येणारी सेवाही ठीक. लॅपटॉपचा ‘एअरप्लेन मोड’ चुकून चालू राहिला होता का? नव्हता. काही लॅपटॉपना वायफाय बंद-चालू करण्याची कळ कडेला किंवा वरच्या बटणांच्या ओळीत असते, तीही पाहिली. तेव्हा रोग लॅपटॉपच्या आतच होता, एवढे ठरले.

हत्ती शाबूत, माहूत गेला

कन्येने मग विंडोजमधले ‘डिव्हाइस मॅनेजर’ नावाचे पान उघडले. लॅपटॉपच्या अंगात कोणकोणते अवयव आहेत त्यांची ही हजेरीपटासारखी यादी असते. त्या यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ असे एक नाव होते आणि त्यापुढे पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह होते.

“बाबा, हे बघा. कार्ड आहे. फक्त त्याला चालवणारा ड्रायव्हर नाही,” ती म्हणाली.

येथेच दुकानदाराचे पहिले निदान डळमळले. साफ उडालेले कार्ड बहुधा हजेरी देत नाही. हे तर हात वर करून “हजर!” म्हणत होते, पण वर्गाला त्याची भाषा कळत नव्हती.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे मला तिने समजावून सांगितले, ते असे. हत्ती कितीही बलवान असला तरी माहुताशिवाय तो कामाचा नाही. कारण हत्तीला कोणत्या खुणेने उठवावयाचे नि बसवावयाचे, हे माहुतालाच ठाऊक असते. लॅपटॉपमधल्या प्रत्येक अवयवासाठी असाच एक छोटा प्रोग्राम लागतो. तो विंडोजचा हुकूम त्या अवयवाला समजेल अशा भाषेत सांगतो. हे सारे माहूत राहतात कुठे? डिस्कवर. कारखान्यातून लॅपटॉप निघाला तेव्हा कंपनीने ते जुन्या डिस्कवर भरून दिले होते. डिस्क गेली, तिच्याबरोबर माहूतही गेले. नवी विंडोज पुष्कळसे माहूत आपल्याबरोबर आणते; पण जगातल्या प्रत्येक कार्डाचा माहूत तिच्यापाशी असतोच असे नाही.

हे डिस्कचे प्रकरण मोठे गमतीचे आहे. तबकड्या असलेली पहिली डिस्क आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, सारे धूड कपाटाएवढे होते, आणि त्यात मावत असे सुमारे पाच मेगाबाइट, म्हणजे आजच्या मोबाइलवर काढलेला एखाद-दुसरा फोटो! त्याच घराण्यातली शेवटची मंडळी म्हणजे कालपरवापर्यंत आपल्या लॅपटॉपमध्ये गरगर फिरणाऱ्या तबकड्या. एस.एस.डी.मध्ये फिरणारे काहीच नाही. म्हणून ती वेगवानही आहे आणि धक्क्याने सहसा बिघडत नाही. पण कोरी डिस्क ती कोरीच. लॅपटॉपची स्मृती गेली होती, कान शाबूत होता.

लग्न आणि वेड

आता उपाय सोपा वाटत होता. कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून घ्यावयाचा. पण तो उतरवून घेण्यासाठी इंटरनेट हवे, आणि इंटरनेट जोडण्यासाठी ड्रायव्हर हवा! वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, अशी जी म्हण आहे ती लॅपटॉप पाहूनच केली असावी असे त्या क्षणी वाटले.

या पेचातून सुटण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, राउटरपासून लॅपटॉपपर्यंत तार लावणे. पण हल्लीच्या पातळ लॅपटॉपना तारेचे भोकच नसते, आमच्याही नव्हते. दुसरा, शेजाऱ्यांच्या संगणकावर ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर आणणे. तिसरा सर्वांत सोयीचा. मोबाइल यू.एस.बी. केबलने लॅपटॉपला जोडावयाचा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘यू.एस.बी. टेदरिंग’ चालू करावयाचे. मग मोबाइलचे इंटरनेट तारेतून लॅपटॉपला मिळते. अँड्रॉइड मोबाइल असेल तर विंडोज त्याला बहुधा आपणहून ओळखते.

आम्ही केबल लावली. मोबाइल चार्ज होऊ लागला, पण टेदरिंगचे बटण काही उमटेना. पुन्हा निराशा! माझा तारांचा अनुभव येथे प्रथम कामी आला. स्वस्तातल्या काही केबलींत नुसत्या विजेच्याच तारा असतात, निरोप नेणाऱ्या तारा नसतातच. मी मोबाइलबरोबर आलेली मूळ केबल कपाटातून शोधून काढली. ती लावताच बटण उजळले आणि लॅपटॉपला वाचा फुटली.

तरी कोणता ड्रायव्हर घ्यावयाचा हा प्रश्न होताच. डिव्हाइस मॅनेजरमधल्या त्या पिवळ्या नावाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये, ‘डिटेल्स’खाली ‘हार्डवेअर आय.डी.’ असते. ते कार्डाचे गोत्र समजावे. त्यात ‘व्हेन’ या अक्षरांपुढे ८०८६ असेल तर कार्ड इंटेलचे, १०ईसी असेल तर रिअलटेकचे, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉमचे. (८०८६ हे इंटेलच्या १९७८ सालच्या एका प्रसिद्ध प्रोसेसरचे नाव, कंपनीने तेच आपल्या गोत्राला घेतले आहे.) आमचे निघाले रिअलटेकचे. लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक त्याच्या कंपनीच्या संकेतस्थळावर घातला. तेथे त्या मॉडेलसाठी दोन निरनिराळ्या कार्डांचे ड्रायव्हर होते. गोत्र ठाऊक असल्यामुळे योग्य तो निवडता आला. पाच मिनिटांत तो बसला, लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि कोपऱ्यात पंख्याची खूण हजर!

जाळे जोडावयास गेलो तर पासवर्ड कुणालाच आठवेना. तोही जुन्या डिस्कबरोबर गेला होता. अखेर सौभाग्यवतींनी दुधाच्या हिशेबाच्या वहीचे शेवटचे पान उघडून पुढे केले. थोरल्याने पासवर्ड बदलला त्याच दिवशी त्यांनी तो तेथे लिहून ठेवला होता.

बिनतारी म्हणजे तारा नाहीत असे नव्हे

आम्ही निःश्वास सोडला. पण तो जरा लवकर सोडला. धाकटीने लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत नेला, कारण परीक्षा तेथे बसून द्यावयाची होती. तेथे जाताच खुणेतल्या रेघा एकेक करीत विझल्या. राउटरशेजारी उत्तम, बारा पावलांवर शून्य! आणि याच टेबलावर बसून तिने दोन वर्षे अभ्यास केला होता.

येथे थोडे शास्त्र सांगावयास हवे. वायफाय म्हणजे रेडिओच, फक्त घरापुरता. सर जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली, त्याच जातीच्या लहरींचे हे आजचे रूप. १९७१ साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने रेडिओने संगणक जोडले. वायफायचे पहिले नियम १९९७ साली ठरले आणि ‘वायफाय’ हे नाव १९९९ साली एका नामकरण करणाऱ्या कंपनीकडून घेतले गेले. ते कशाचेही संक्षिप्त रूप नाही, नुसते गोड नाव आहे. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी कमी शक्तीने विनापरवाना वापरण्याची मुभा २००५ साली मिळाली. तेव्हा कुठे घरोघरी हे सोपे झाले.

या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्धी वीत. भिंतींतून ती बऱ्यापैकी जाते. ५ गिगाहर्ट्झची लहर अधिक वेगाने काम करते, पण भिंतींशी तिचे फारसे जमत नाही. लहर कोणतीही असो, ती पकडावयास अँटेना लागतो. आणि लॅपटॉपचा अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत दडविलेला असतो. तेथून दोन बारीक तारा, बहुतेक वेळा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून खाली येतात आणि पोस्टाच्या तिकिटाएवढ्या वायफाय कार्डावर इवल्याशा टिचबटणांनी बसतात. म्हणजे बिनतारी यंत्राच्या पोटातही शेवटी ताराच!

पुन्हा तोच प्रश्न: शेवटचा हात कुणाचा? डिस्क बदलताना तळाचे झाकण उघडले होते आणि डिस्क नि कार्ड एकाच झाकणाखाली होते. तार निसटली तर कार्ड बहिरे होत नाही. कानात बोळा घातल्यासारखे होते. जवळचे ऐकू येते, लांबचे येत नाही. आमचे लक्षण तंतोतंत हेच होते.

लॅपटॉपची हमी केव्हाच संपली होती, म्हणून उघडण्यास हरकत नव्हती. चार्जर काढला, लॅपटॉप पूर्ण बंद केला. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून धाकटीने खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मी कागदावर मांडीत गेलो. झाकण निघताच तिने प्रथम बॅटरीची जोडणी सोडविली. माझ्या डोळ्यांना ते बारकावे दिसेनात, तिने मोबाइलचा उजेड धरला आणि एकदम म्हणाली, “बाबा, काळी तार मोकळी पडलीय!”

बोटाच्या पेराने तिने तार बटणावर धरून हलकेच दाबली. ‘टक्’ असा आवाज झाला. आयुष्यात मी हजारो जोडण्या केल्या असतील, पण त्या ‘टक्’इतके समाधान क्वचितच मिळाले असेल.

अखेरची कळ: घड्याळ

झाकण लावले. आतल्या खोलीत रेघा पूर्ण उजळल्या. रात्रीचे साडेअकरा झाले होते. धाकटीने परीक्षेचे संकेतस्थळ उघडले आणि पडद्यावर इशारा झळकला की ही जोडणी सुरक्षित नाही. दुसरे स्थळ, तिसरे स्थळ, तेच उत्तर. पोरीच्या डोळ्यांत पाणी आले.

“थांब,” मी म्हटले, “शेवटचा हात कुणाचा?”

“आपलाच,” ती म्हणाली.

“आपण काय काय केलं?”

“तार लावली. आणि... बॅटरी सोडवली होती.”

तिने कोपऱ्यातली तारीख पाहिली. तेथे २०१९ सालचा जानेवारी महिना होता! लॅपटॉपमध्ये घड्याळापुरती एक नाण्याएवढी बॅटरी असते. सहा वर्षांत ती थकली होती. मोठी बॅटरी सोडविताच घड्याळ मागे गेले. सुरक्षित संकेतस्थळे आपल्या ओळखीचा दाखला दाखवितात आणि त्या दाखल्याला मुदत असते. २०१९ सालात बसलेल्या लॅपटॉपला आजचे दाखले अजून लागूच झालेले नव्हते, म्हणून तो सगळ्यांनाच तोतया ठरवीत होता. त्याचे पंचांग चुकले होते, एवढेच. तारीख, वेळ आणि भारतीय प्रमाणवेळ लावताच सारी दारे उघडली.

सकाळी दहाला ती परीक्षेला बसली. खबरदारी म्हणून मोबाइल आणि ती चांगली केबल माझ्या हाती तयार होती. पण दाराबाहेर दोन तास बसून मी फक्त रवा-बेसनाचे लाडू राखले. पंधरा दिवसांनी तिला पुढच्या मुलाखतीचे बोलावणे आले आणि नव्या वर्षात ती नोकरीला लागली. पहिल्या पगारातून नवा लॅपटॉप घेशील ना, असे मी विचारले, तर म्हणाली, “कशाला? हा चांगला चाललाय की!” फक्त ती नाण्याएवढी बॅटरी तिने बदलून घेतली.

वाचकांसाठी थोडक्यात

लक्षणावरून रोग ओळखावा, तो असा:

१. घरातले सारेच मोबाइल बंद असतील तर लॅपटॉपला हात लावू नये. दोष राउटरचा किंवा बाहेरचा.

२. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाचे नावनिशाणही नसेल तर कार्ड सैल बसले असेल, बायॉसच्या सेटिंगमध्ये बंद केलेले असेल, किंवा खरोखरच निकामी झाले असेल.

३. पिवळा त्रिकोण दिसत असेल तर ड्रायव्हर नाही.

४. राउटरजवळ चालते पण दूर चालत नाही, आणि पूर्वी तेथे चालत होते, तर अँटेनाच्या तारा पाहाव्यात.

५. शेजाऱ्यांची जाळी दिसतात पण आपले दिसत नाही, तर राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर लावला आहे काय ते पाहावे. काही जुन्या कार्डांना फक्त २.४ कळते.

६. जाळे जोडले जाते पण सुरक्षिततेचे इशारे येतात, तर आधी तारीख पाहावी.

आणि डिस्क बदलावयास देण्यापूर्वी तीन कामे करावीत. लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक लिहून घेऊन वायफायचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा. वायफायचा पासवर्ड वहीत टिपावा. आणि जुनी डिस्क दुकानात न सोडता मागून घ्यावी, कारण बिघडलेल्या डिस्कवरही आधारच्या प्रती, बँकेचे कागद आणि घरचे फोटो वाचण्याजोगे उरलेले असू शकतात. फोटोंची दुसरी प्रत अन्यत्र ठेवण्याचे शहाणपण आम्हांला उशिरा सुचले. थोरलीच्या लग्नाचे फोटो त्या डिस्कबरोबर गेले. नातेवाइकांच्या मोबाइलवरून जेवढे मिळाले तेवढे आम्ही गोळा केले. ड्रायव्हर पुन्हा उतरवून घेता येतो, लग्नाचे फोटो घेता येत नाहीत.

दुकानदारावर माझा राग नाही. दिवाळीच्या गर्दीत त्याच्याकडे पन्नास लॅपटॉप येतात. प्रत्येकाची नाडी धरून बसावयास त्याला सवड कुठली? ती सवड आपल्या घरात असते. मात्र “नवाच घ्या” या शब्दांनी घाबरून न जाता, घटकाभर बसून एकच प्रश्न विचारावयास हवा: कालपर्यंत चालत होते ना, मग शेवटचा हात कुठे लागला?